कोरियन मालिकांमधलं स्वयंपाकघर: राबतं कोण, जेवतं कोण?

धागाकर्ती: चिंचगूळ

के-ड्रामावर इथे धाग्यांना तोटा नाही, पण बहुतेक धागे 'पुढचा कुठला बघू' आणि 'नटांत ह्युन बिन की गाँग यू' यातच आटोपतात. मला थोडं वेगळं बोलायचंय. या मालिकांतल्या बाई-पुरुषांचा विषय निघाला की लगेच मनगट धरून ओढणं, भिंतीशी अडवणं, गर्भश्रीमंत मुलगा आणि चार ठिकाणी राबणारी गरीब मुलगी हेच सुरू होतं. ते आहेच, नाही म्हणत नाही. पण प्रेमकथा हा मुळात स्वप्नरंजनाचा भाग, त्यावरून तिथल्या घरांबद्दल फारसं कळत नाही. मी आताशा हिरो-हिरॉइन सोडून मागे ओट्याशी कोण उभं आहे ते बघते. लेखक मंडळी खरं काय ते तिथे सांगून जातात.

'क्वीन ऑफ टिअर्स' (२०२४) चा पहिलाच भाग घ्या. होंग नावाचं अतिश्रीमंत घराणं, पूर्वजांच्या जेसाचा दिवस. जेसा म्हणजे साधारण आपल्या श्राद्धासारखा विधी, पदार्थ ठरलेले, मांडणी ठरलेली. तर त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण? घरचे जावई! शिकलेसवरलेले, कडक शर्टावर ॲप्रन बांधून पिठात घोळवलेले तुकडे तव्यावर तळतायत आणि कुरकुरतायत की पूर्वज होंगांचे, आणि राबायचं होंग नसलेल्यांनी. मी खूप हसले. मग लक्षात आलं की जावयांच्या जागी सुना असत्या तर हसण्यासारखं काहीच नव्हतं, तो नेहमीचा देखावा झाला असता. पार्क जी-उन या लेखिकेने एक अक्षर भाषण न देता काम केलंय.

'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (२०१७) मध्ये हेच सरळ येतं. जी-हो आणि से-ही यांचं लग्न म्हणजे कागदोपत्री करार, एका छपराखाली राहायची सोय. तरी सासरच्या जेसाला ती जाते आणि दिवसभर राबते. कुणी जबरदस्ती केलेली नसते, 'चांगली सून' व्हायची तिलाच आतून ओढ लागते. हा बारकावा मला फार खरा वाटला. मग से-ही काय करतो? तिच्या माहेरी जाऊन हिवाळ्याच्या किमचीचा ढीग घालायला बसतो. हिशोब चुकता.

आणि 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' (२०२५). जेजू बेट, काही दशकांपूर्वीचं खेडं. सासरी जेवणं चाललीत. पुरुषांचं मेज वेगळं, बायका आणि पोरी दुसऱ्या बाजूला. ग्वान-सिक आपल्या बायकोकडे, एसुनकडे, पाठ करून बसलाय. आणि तो काय करतो, उठत नाही, भांडत नाही, बसल्या जागी वळतो आणि बायको-मुलीच्या ताटांकडे तोंड करून जेवायला लागतो. आई आणि आजी बघतच राहतात. एवढंच. मी तो प्रसंग मागे नेऊन परत पाहिला.

तुम्हाला आठवणारी अशी स्वयंपाकघरं लिहा. स्पॉयलर येणार, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

---

नुसतीच_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. नुसतं वाचत राहण्यातून बाहेर यायला चांगला धागा मिळाला.

---

अवलिया

लेख आवडला, पण मला एक खटकतं. या मालिका बहुतांशी बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या असतात. किम उन-सूक, पार्क जी-उन, नो ही-ग्यॉंग, हाँग भगिनी, तुमच्या टँजरीन्सवाल्या इम सांग-चुन, सगळ्या लेखिका. मग पुरुष कसा दिसणार? उंच, गोरा, रडता येणारा, स्वयंपाक येणारा, बायको शिंकली तर छत्री घेऊन धावणारा. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' मधला उत्तर कोरियाचा लष्करी अधिकारी हिरॉइनसाठी कच्च्या कॉफीच्या बिया आणून भाजतो, दळतो आणि कॉफी करून देतो! सीमेवर पहारा कोण देतं मग? हा स्वप्नातला नवरा आहे. त्याला 'भूमिकांचं चित्रण' म्हणणं म्हणजे जाहिरातीवरून साबणाची परीक्षा. हलके घ्या.

---

किमची_भाकरी

अवलिया काका, सत्तर वर्षं आपण सिनेमात पुरुषांच्या स्वप्नातली बाई बघतोय, ती कुणाला खटकली नाही हो. आता एक कॉफी भाजली तर लगेच सीमेवरचा पहारा आठवला का?

बाकी चिंचगूळताई, मनगटाला एवढ्या सहज सोडू नका. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) आठवा. गू जुन-प्यो चक्क माणसं पाठवून जान-दीला बेशुद्ध करून उचलून आणतो आणि तिचा कायापालट करवतो, आणि मालिका हे रोमँटिक म्हणून दाखवते. 'सीक्रेट गार्डन' (२०१०) मधली गिल रा-इम तर स्टंट करणारी, चार गुंडांना लोळवणारी, तरी हिरोपुढे तिच्या 'नाही'ला किंमत शून्य. मी शाळेत असताना हे बघून हुरळून जायचे. आता परत लावलं तर बघवत नाही. पण त्याच काळात 'कॉफी प्रिन्स' (२००७) पण आलंच होतं. त्यातली उन-चान घर चालवण्यासाठी मिळेल ते काम करते, मुलगा समजून नोकरीवर घेतली जाते, आणि शेवटी लग्न आटोपून टाकायच्या ऐवजी कॉफी शिकायला इटलीला जाते. ती मालिका दिग्दर्शित करणारी बाई होती, ली यून-जंग. म्हणजे 'तेव्हा सगळं वाईट, आता सगळं छान' असंही नाही.

---

सुवोनकर

धागा वर येतोय म्हणून लिहितो. गेली काही वर्षं सोलच्या दक्षिणेला सुवोनला नोकरीनिमित्त आहे.

अवलिया, तुमचा साबणाचा मुद्दा मला पटला, फक्त उलट दिशेने. मालिकेतला नवरा असा का, तर बाहेर तो फारसा मिळत नाही म्हणून. स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत ३० टक्क्यांच्या आसपास आहे, ओईसीडी या विकसित देशांच्या गटात सर्वाधिक. २०२३ साली तिथला जननदर ०.७२ होता, म्हणजे एका बाईमागे सरासरी एकही मूल नाही. मूल झालं की बाईची नोकरी सुटते, परत मिळते ती खालच्या दर्जाची. माझ्या ऑफिसात छुसॉकच्या (पीक आल्यावरचा सण, पितरांची आठवण आणि सगळं घर एकत्र) सुट्टीनंतर बायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सणानंतरच्या या दुखण्याला तिथे चक्क आजाराचं नाव आहे, आणि दर वर्षी त्यावर बातम्या येतात. पुरुष सहकारी त्याच दिवशी ताजेतवाने, घरून आलेले डबे वाटत.

हे इतकं वाढलं की २०२२ च्या छुसॉकआधी सुंगक्युनक्वान या कन्फ्युशियन परंपरेच्या मुख्य संस्थेने जाहीर केलं की जेसाला तळणीचे पदार्थ लागतात असं शास्त्रात काही नाही, नऊ पदार्थ पुरे. म्हणजे ज्यांच्या नावावर बायका वर्षानुवर्षं तव्यापुढे बसल्या त्यांनीच सांगितलं, बाई, उठ. क्वीन ऑफ टिअर्समधल्या जावयांचा तवा या पार्श्वभूमीवर बघा. तिथल्या प्रेक्षकाला तो वर्मी लागतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. इथली विशीतली मुलं रागावलेली आहेत. दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा फक्त मुलांना, घरांच्या किमती आभाळाला भिडलेल्या, आणि लग्नात घर मुलाकडून ही अपेक्षा अजून आहे. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत यून सुक-योल यांनी लिंगसमानता मंत्रालयच बंद करू असं आश्वासन दिलं आणि तरुण मुलांची मतं त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणात गेली. त्याच वयाच्या मुलींची विरोधात. ही फाळणी मालिकांत जवळजवळ दिसत नाही. मला ती सगळ्यात मोठी पळवाट वाटते.

---

मेतकूट

'रिप्लाय १९८८' या मालिकेतलं स्वयंपाकघर कुणी कसं काढलं नाही अजून?

पहिल्याच भागात डॉक-सन, मधली मुलगी. थोरलीच्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या पुन्हा लावून हिचाही वाढदिवस उरकतात, दर वर्षी. अंडं थोरलीला, अंडं धाकट्या भावाला, हिला नाही. ती भडकून रडते तो प्रसंग मी पाहिला आणि टीव्ही बंद करून बसले. आमच्याकडे अंड्याऐवजी सायीचं दही होतं.

व्यवसायाने डॉक्टर असल्याने एक भर घालते. मालिका ज्या काळात घडते त्याच सुमारास, १९९० साली, कोरियात दर १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मत होते. गर्भाचं लिंग सांगायला १९८७ पासून बंदी होती, तरी. आपल्याकडे महाराष्ट्राने १९८८ मध्ये असा कायदा केला, देशाचा १९९४ ला आला. म्हणजे दोघं एकाच वेळी एकाच खड्ड्यात. फरक पुढे पडला. कोरियाचं प्रमाण २००७ च्या सुमारास नैसर्गिक पातळीवर आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने बत्तीस आठवड्यांआधी लिंग न सांगण्याचं बंधनही रद्द केलं, कारण मुलगाच हवा हा आग्रह आता तसा उरला नाही. आपण ते बंधन सैल करायचा विचारही करू शकत नाही.

डॉक-सनला अंडं न देणारी आई वाईट नाही, हे त्या मालिकेचं मोठेपण. तिच्याकडे अंडीच कमी आहेत. कमी असलं की कुणाच्या ताटातून काढायचं ते आधीच ठरलेलं असतं.

---

शेवंती

मेतकूट, +१००. पण १९८८ मधला माझा लाडका प्रसंग रा मी-रानचा. ती माहेरी जाते, घरात नवरा आणि दोन मुलगे. घराचा उकिरडा करतात, ती यायच्या आत धावपळ करून सगळं चकाचक. ती येते, बघते की माझ्यावाचून यांचं काही अडलं नाही, आणि हिरमुसते. धाकट्याला, जंग-ह्वानला, ते कळतं आणि मग तिघं मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतात. ती ओरडते आणि खुलते. किती गोड!

---

चिंचगूळ

शेवंती, गोड आहे आणि तिथेच माझी खोड आहे. :) बाईला आपली गरज भासावी म्हणून घरच्यांनी पसारा करायचा? त्यांना स्वयंपाक येतो, आवरता येतं हे सिद्ध झालेलं असताना! उद्यापासून तिघांनी वाटून केलं असतं तर ती बाई दुपारी लोळून रेडिओ ऐकत बसली असती. मालिका तिचं हिरमुसणं अचूक पकडते आणि त्यावरचा उपाय मात्र तिला परत ओट्याशी नेणारा देते, वर पार्श्वसंगीत.

---

शेवंती

तू अजून चाळिशीत आहेस ना? मुलं घराबाहेर पडू देत, मग बोलू. मला सगळं येतं तुमचं-आमचं वाटून घेणं. पण चाळीस वर्षं ज्या कामावर तुझी ओळख उभी आहे ते काम एका दुपारी कुणी सहज करून दाखवलं की पोटात खड्डा पडतो. रेडिओ ऐकत लोळायला शिकायलाही वेळ लागतो बाई. मालिका तिला उपदेश करत नाही, तिला तिच्या जागी समजून घेते. मला ते जास्त आवडतं.

---

नुसतीच_वाचक

शेवंतीताईंच्या प्रतिसादाला काय म्हणू कळेना. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कोण आहे ही बाई, नंबर दे."

---

खवय्या_गिरगाव

घरातलं स्वयंपाकघर बाईचं आणि पगारी स्वयंपाकघर पुरुषाचं, हा खेळ कोरियन मालिकांत फार मजेत येतो. 'पास्ता' (२०१०) मध्ये नवा शेफ येतो आणि फर्मान काढतो की माझ्या स्वयंपाकघरात बायका चालणार नाहीत. एकजात सगळ्या बायकांना काढून टाकतो. म्हणजे घरी तिने केल्याशिवाय घास उतरत नाही आणि दाम मिळायला लागले की तिलाच बाहेर! हिरॉइन गाँग ह्यो-जिन ओरडा खात, भांडी घासत टिकून राहते. शेफ अर्थात हिरो असल्यामुळे त्याला माफी.

'दे जांग गुम' (२००३-०४) घ्या, आपण आज जे कोरियन वेड म्हणतो त्याच्या मुळाशी असलेली मालिका. राजवाड्याचं अख्खं स्वयंपाकघर बायकांचं दाखवलंय, त्यांची उतरंड, राजकारण, विद्या. प्रत्यक्षात जोसन राजवटीच्या राजवाड्यात पुरुष आचारी बरेच असत. मालिकेने ते बाजूला सारलं, आणि बाईला पदार्थ 'मायेने' करणारी न दाखवता जाणकार म्हणून दाखवलं. जिभेची पारख, औषधी गुण, पाण्याचा दर्जा. नंतर ती वैद्य होते. राजा जुंगजोंगच्या काळच्या नोंदींत जांग-गुम नावाच्या वैद्य बाईचे मोजके उल्लेख आहेत, तेवढ्या धाग्यावर ५४ भाग. इतिहास वाकवला, पण ज्या दिशेला वाकवला ती मला पसंत आहे.

जाता जाता, मालिकेतलं जेवण बघून रात्री दीडला थालीपीठ लावणारे आणखी कोणी?

---

अवलिया

खवय्या, हात वर.

सुवोनकर, आकडे बोलके आहेत. तरी विचारतो, मालिकांनी फरक पडतो का? जावई तवा धरतात, सगळे हसतात, पुढच्या सणाला तव्यापुढे परत सूनच.

---

सुवोनकर

अवलिया, मालिकेने कायदा बदलत नाही. पण उलटं नक्की होतं, कायदा बदलला की मालिकेतली बाई बदलते. तिथे होजू नावाची पद्धत होती. कुटुंबाची नोंदवही पुरुषाच्या नावे, मुलगी लग्न झालं की बापाच्या वहीतून नवऱ्याच्या वहीत, नवरा गेला की कुटुंबप्रमुख मुलगा, मग तो लहान का असेना. घटस्फोट झाला, मुलं आईजवळ वाढली, तरी नोंद बापाकडे. २००५ मध्ये घटना न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली. आता 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' (२०१९) मधली डोंगबेक बघा. लग्नाशिवाय झालेला मुलगा एकटीने वाढवतेय, गावात दारूचं दुकान चालवतेय. वीस वर्षांपूर्वी अशी बाई मालिकेत असती तर एकतर मेली असती नाहीतर नायिकेची वैरीण असती.

आणि टँजरीन्समधली एसुन आठवा. शाळेत सगळ्यात जास्त मतं तिला, तरी वर्गप्रमुख होतो बड्या घरचा मुलगा आणि ती उपप्रमुख. पुढे तीच बाई मच्छीमार गावाची प्रमुख म्हणून निवडणुकीला उभी राहते.

---

शेवंती

कॅमेलिया! थांबा, त्यातलं मी सांगते, कारण चिंचगूळचं स्वयंपाकघर आणि किमची_भाकरीचं मनगट दोन्ही त्यात एकाच प्रसंगात आहेत.

डोंगबेकच्या दुकानाचा मालक, म्हणजे जागेचा मालक, नो ग्यू-थे. गावातलं बडं प्रस्थ समजतो स्वतःला. तो येतो, दारू पितो आणि वर शेंगदाणे फुकट मागतो. शेंगदाण्याची बशी आठ हजार वोनची. मी भाडं घेतो, मला एवढंही नाही का, असा आव. शिवाय तिचा हात धरतो, बस म्हणतो, एक पेला घे. डोंगबेक भित्री आहे, मान खाली घालून बोलणारी, आवाजही चढत नाही तिचा. ती त्याला तसंच हळू आवाजात सांगते की बिलात खाण्याचे आणि दारूचे पैसे आहेत, माझ्या मनगटाची आणि हसण्याची किंमत त्यात धरलेली नाही. आणि शेंगदाणे फुकट देत नाही ते नाहीच. तिच्यावर जीव जडलेला योंग-सिक तिथल्या तिथे पाघळतो, तो भाग निराळा.

गावातल्या बाजारातल्या बायका सुरुवातीला तिला टाकून बोलतात, दर वाढवून सांगतात, आपले नवरे तिथे बसतात म्हणून. नवऱ्यांना कुणी काही म्हणत नाही! शेवटी त्याच बायका तिच्या पाठीशी उभ्या राहतात. मला ती मालिका योंग-सिकपेक्षा त्या बाजारासाठी आवडली. मला तरी तो अगदी आमच्या सांगलीचा बाजार वाटला.

---

बंड्या_कुडाळकर

माझं काय ता एकदा बोलतंय. आमच्याकडे पक्षाला बाबा आणि काका जेवायला बसतात, आई-काकी शेवटी. गेल्या वर्षी बायकोने माझ्या हातात वडे तळायला झारा दिला. काकी म्हणाली, "झील बिघडलो." बाबा काही बोलले नाहीत, पण माझे वडे त्यांनी घेतले नाहीत, आईचे घेतले. बायको कोरियन मालिका बघते हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

---

किमची_भाकरी

बंड्यादा, वडे फुगले होते का ते आधी सांगा.

---

बंड्या_कुडाळकर

नाय.

---

मेतकूट

मग बाबांचं चुकलं नाही. (डोळा मारते.)

जरा गंभीर: मला अजून एक खटकतं. या मालिकांतल्या 'सबळ' बायका बहुतेक वेळा पैसेवाल्या तरी असतात किंवा चमत्कारी तरी. 'स्ट्राँग वुमन डो बोंग-सून'च्या नायिकेला अंगात अचाट ताकद, क्वीन ऑफ टिअर्सच्या होंग हे-इनला अख्खा मॉल. साधी नोकरदार बाई कुठेय? 'मिसेंग' (२०१४) मध्ये आहे, मुलीला पाळणाघरात सोडून धावतपळत ऑफिस गाठणारी सन जी-यंग, आणि गरोदर सहकारी आजारी पडली तर 'बायका अशाच' म्हणणारे साहेब. त्यात प्रेमकथा नाही. प्रेमकथा काढली की ऑफिस दिसतं.

---

चिंचगूळ

मेतकूट, मिसेंग अगदी बरोबर. त्यात कुणी कुणासाठी कॉफी भाजत नाही, पण नव्या मुलीला, आन यंग-ईला, वरिष्ठ कसलीकसली हलकी कामं सांगतात ते बघून अंगावर येतं.

सुवोनकर, तो दुभंगलेल्या तरुणांचा मुद्दा वेगळ्या धाग्याचा आहे, तुम्हीच काढा. इथे दोन ओळींत तो मरेल.

---

नुसतीच_वाचक

प्रश्न: आईला (वय ६८, शेवंतीताईंची नवी चाहती) यातली पहिली कुठली दाखवू? उपशीर्षकं वाचायचा कंटाळा आहे, हिंदी आवाज हवा. मारामारी नको.

---

शेवंती

कॅमेलियात एक खुनी फिरतो, तेव्हा ती नंतर. टँजरीन्स लाव. १६ भाग आहेत, रडायला लागेल, नाक पुसायला टॉवेल घेऊन बसा. पहिल्या भागात एसुनची आई, समुद्रात बुडी मारणारी, तिला एकटीला बघितलं तरी पैसे वसूल. हिंदी आवाज आहे का ते सेटिंगमध्ये जाऊन बघ, माझ्या टीव्हीत मुलाने काय करून ठेवलंय, मला कोरियनच ऐकू येतं.

आणि आईसाठी नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते.